धुराचाही सातबारा हवा!

उरण : भल्या पहाटे करळ फाट्यावर उभे राहून बघा. न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांची रांग संपता संपत नाही. देशातल्या मोठ्या बंदरांतून जेवढे कंटेनर हलतात त्यांतले जवळपास निम्मे एकट्या या बंदरातून जातात-येतात. त्यात मोठमोठ्या कंपन्यांचा माल असतो, तसाच तळोजे-पनवेलच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये घडवलेला नटबोल्टांचा पेटाराही असतो. त्या पेटाऱ्यासोबत आजवर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल एवढे कागद गेले की काम भागत होते. आता युरोपातला गिऱ्हाईक आणखी एक कागद मागू लागला आहे. हा माल बनवताना किती धूर झाला, त्याचा हिशेब!

वाचकहो, तुम्ही म्हणाल, धुराचा हिशेब घेऊन आम्ही काय करायचे? आमची भाताची खाचरे, आमची मिठागरे, आमची मासेमारी. पण जरा थांबा. बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी आपल्या जमिनी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासई-पागोटे परिसरात पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले आणि नांगर धरणाऱ्या घरांतली पोरे ट्रेलर, गोदाम, क्लिअरिंग एजंटचे ऑफिस यांवर पोट भरू लागली. शेत गेले त्या जागी जे उत्पन्न आले, ते या मालावरच उभे आहे. तेव्हा त्या मालाला परदेशात कोणता नवा कर लागतो, हा आपल्या चुलीचा प्रश्न आहे.

हा कर आहे तरी काय?

युरोपातल्या पोलाद, सिमेंट, खत अशा कारखान्यांना हवेत सोडलेल्या कार्बन वायूच्या प्रत्येक टनामागे परवाना घ्यावा लागतो. २०२५ सालात या परवान्याचा भाव टनाला साधारण ६० ते ८५ युरोच्या घरात फिरत होता. तिथल्या कारखानदारांनी ओरड केली की, आम्ही पैसे मोजायचे आणि बाहेरचा माल फुकट आत यायचा, हा कुठला न्याय? म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला. बाहेरून येणाऱ्या मालावरही, तो बनवताना झालेल्या धुराइतका आकार सीमेवर लावायचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीबॅम’ म्हणतात. आपण त्याला सरळ कार्बन सीमा कर म्हणू.

१ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ हा सरावाचा काळ होता. नुसते आकडे कळवायचे, पैसे नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून खरा हिशेब सुरू झाला. ब्रिटनचा असाच वेगळा कर १ जानेवारी २०२७ पासून ठरलेला आहे.

लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज एवढ्याच गोष्टी युरोपच्या यादीत आहेत. आपला आंबा, कांदा, द्राक्षे, तांदूळ, कोळंबी यांना हा कर नाही. दुसरे असे की, हा कर युरोपात शिरणाऱ्या मालावर आहे, भारतात येणाऱ्या नाही. त्यामुळे न्हावा-शेव्याला उतरणाऱ्या मालावर आपल्या कस्टममध्ये असा कर लागत नाही. यादीत ‘खते’ हा शब्द वाचून कुणी तुम्हाला ‘युरोपच्या कराने युरिया महागला’ असे सांगू लागला, तर त्याचे ऐकू नका. आपण खत आणतो, युरोपला विकत नाही.

पैसे कोण भरतो?

कायद्याने पैसे भरायचे ते युरोपातल्या आयातदाराने. पण हा आयातदार म्हणजे काही नेहमी मोठी कंपनी नसते. पाच-सात माणसांचे दुकान, एखादा हार्डवेअरचा घाऊक व्यापारी, असाच तो पुष्कळदा असतो. आणि आजकाल आपल्याच गावचा एखादा मुलगा जर्मनीत किंवा हॉलंडात शिकायला जातो, तिथेच छोटी कंपनी काढतो आणि इकडून माल मागवतो. त्यालाही हाच नियम.

शिवाय एक फसवी वाट आहे, तिच्याकडे लक्ष द्या. आपले काही छोटे निर्यातदार ‘डीडीपी’ अटीवर माल विकतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा सगळा खर्च आणि तिथला करसुद्धा विकणाऱ्याने भरायचा. अशा सौद्यात आयातदाराची जबाबदारी उलटून तुमच्याच गळ्यात येऊ शकते. तुमची कंपनी युरोपात नोंदलेली नसेल, तर तिथला अधिकृत कस्टम प्रतिनिधी नेमावा लागतो. कार्बनची जबाबदारी त्याच्यावर येते आणि ती तो फुकट घेत नाही. तेव्हा सौद्याची अट वाचल्याशिवाय सही करू नका.

छोट्या आयातदाराने काय करावे?

पहिली पायरी, कोड बघा. शिपिंग बिलावर मालाचा एचएस कोड असतो. ७३१८ म्हणजे नट, बोल्ट, स्क्रू, वॉशर. हा यादीत आहे. पाइपच्या जोडण्यांचा ७३०७, लोखंडी सांगाड्यांचा ७३०८, लोखंडाच्या किरकोळ वस्तूंचा ७३२६ हेही यादीत आहेत. पण ७३२३ म्हणजे स्टीलची भांडी नाहीत. बिडाच्या ओतीव वस्तूंचा ७३२५ आजवर नव्हता. मात्र यादी वाढवण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला आहे. म्हणून आज सुटलो म्हणणाऱ्याने उद्याची खात्री धरू नये.

दुसरी पायरी, वजन जोडा. २०२५ साली युरोपने छोट्यांसाठी मोठी सूट दिली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खते मिळून एका आयातदाराचा वर्षभराचा माल ५० टनांच्या आत असेल, तर त्याला हा कर नाही. या एका सुटीने तिथले सुमारे ९० टक्के आयातदार मोकळे झाले. पण इथेच आपली माणसे चुकतात. ‘मी तर वीसच टन पाठवतो, मला काय त्याचे?’ असे म्हणून चालत नाही. ५० टन मोजायचे ते आयातदाराच्या एकूण मालाचे. तुमचे वीस, चीनच्या कुणाचे पंचवीस आणि तुर्कस्तानच्या कुणाचे दहा असे मिळून पंचावन्न झाले, की तो सुटीतून बाहेर. आणि एकदा बाहेर गेला की, वरच्या पाच टनांचाच नव्हे, त्या वर्षाच्या पहिल्या किलोपासून सगळ्या मालाचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून गिऱ्हाइकाला आजच पत्र लिहा आणि विचारा, ‘सगळीकडून मिळून वर्षाला तुम्ही ५० टनांवर जाता का?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

तिसरी पायरी, परवानगी. ५० टनांची हद्द ओलांडण्याआधी आयातदाराने आपल्या देशातल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून ‘अधिकृत घोषणाकर्ता’ व्हायचे असते. अर्ज युरोपच्या कार्बन नोंदवहीत, म्हणजे संगणकावरच होतो. ३१ मार्च २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना निकाल लागेपर्यंत माल आणण्याची मुभा ठेवली होती. परवानगीशिवाय हद्द ओलांडणाऱ्याला मूळ दंडाच्या तीन ते पाच पट दंडाची तरतूद आहे. मूळ दंडच टनामागे १०० युरोपासून सुरू होतो.

चौथी पायरी, आकडे गोळा करणे. इथे आयातदार आपल्या दारात येतो. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

पाचवी पायरी, भरणा. २०२६ साली आणलेल्या मालाची कार्बन प्रमाणपत्रे फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळणार आणि त्या वर्षाचे पत्रक ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचे. त्यानंतर दरवर्षी हाच क्रम. पैसे पुढच्या वर्षी भरायचे असले तरी ज्या मालाचे भरायचे तो माल आज कंटेनरात चढतो आहे. म्हणून ‘अजून वेळ आहे’ हा भ्रम आहे.

नजर आणेवारी की कापणी प्रयोग?

आता मुद्द्याचे बोलू. गावात पिकाची आणेवारी कशी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. नुसत्या नजरेने बांधावरून ठरवली, तर पीक बुडालेल्यालाही चांगले पीक लागते. शेतात प्लॉट आखून कापणी प्रयोग केला, तर खरा आकडा कळतो. कार्बनच्या हिशेबातही या दोनच तऱ्हा आहेत. तुम्ही आकडे दिले नाहीत, तर युरोप आपला ठोकताळा लावतो. तो देशनिहाय ठरवलेला असतो आणि त्यावर शिक्षा म्हणून वाढ धरलेली असते. लोखंड-पोलादासाठी ती २०२६ साली १० टक्के, २०२७ साली २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के. ही झाली नजर आणेवारी. तुम्ही खरे आकडे दिले आणि मान्यताप्राप्त तपासनिसाने कारखान्यात येऊन ते तपासले, तर तो झाला कापणी प्रयोग.

फरक किती पडतो, ते उदाहरणाने बघू. समजा, तुमच्या शेडमध्ये वर्षाला १०० टन बोल्ट होतात. त्यासाठी १०५ टन वायर रॉड लागला. ज्या गिरणीचा रॉड घेतला तिचा आकडा टनामागे २.२ टन कार्बन वायू आहे. म्हणजे १०५ गुणिले २.२, बरोबर २३१ टन. तुमच्या भट्टीत वर्षाला ५,००० लिटर डिझेल जळले. लिटरमागे साधारण २.७ किलो वायू होतो, म्हणजे साडेतेरा टन. एकूण २४४.५ टन. शंभर टन बोल्टांवर वाटले की टनाला सुमारे २.४५. आता समजा ठोकताळा ३ टनांचा आहे. त्यावर १० टक्के वाढ म्हणजे ३.३. फरक ०.८५ टनांचा. परवान्याचा भाव ७० युरो धरला, तर बोल्टांच्या प्रत्येक टनामागे जवळजवळ ६० युरो. शंभर टनांवर सहा हजार युरोच्या घरात! ही बेरीज नुसती समजण्यापुरती आहे, पण दिशा खरी आहे. कागद न ठेवण्याची ही किंमत.

आणखी एक बारकावा. युरोप आपल्या कारखान्यांना काही परवाने फुकट देतो आणि तेवढी वजावट आयात मालालाही मिळते. २०२६ साली ती ९७.५ टक्के आहे. पण कशाच्या? युरोपने ठरवलेल्या चांगल्या कारखान्याच्या मापदंडाच्या. त्या मापापेक्षा जास्त धूर असेल, तर वरचा सगळा भाग पहिल्याच वर्षी पूर्ण भावाने मोजावा लागतो. ही वजावट दरवर्षी उतरत जाऊन २०३४ साली शून्य होणार आहे. म्हणजे आज चटका लागला नाही, तरी तवा तापतो आहे.

वहीत काय लिहायचे?

वरच्या उदाहरणात एक गोष्ट ध्यानात आली असेल. शेडचा स्वतःचा धूर साडेतेरा टन आणि कच्च्या मालाचा २३१ टन. म्हणजे छोट्या कारखानदाराचा आकडा त्याच्या भट्टीत नाही, तर त्याच्या खरेदीच्या बिलात ठरतो. लोखंड कुठले घेतले, हे सर्वांत महत्त्वाचे. खनिजापासून कोळशावर केलेल्या पोलादाचा धूर जास्त. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेल्या पोलादाचा पुष्कळ कमी, कारण भंगाराचा धूर शून्य धरतात आणि पोलादाच्या बाबतीत विजेचा धूर सध्या मोजत नाहीत. मात्र भट्टी विजेची असली, तरी तिच्यात कोळशावर केलेले स्पंज आयर्न घातले असेल, तर तो धूर हिशेबात येतो. म्हणून ‘इलेक्ट्रिक फर्नेसचा माल’ एवढ्या शब्दावर भुलू नका, आकडा लेखी मागा. आपल्याच पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. असे मोठे कारखाने आपला आकडा काढू शकतात. त्यांच्या विक्रेत्याकडून तो मागणे हा गिऱ्हाईक म्हणून तुमचा हक्क आहे.

भारत सरकारनेही डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली आहे. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी वायू असेल, तर ते हरित. १.६ टनांच्या आत असेल, तर पाच तारे. पोलाद घेताना या ताऱ्यांची चौकशी करा.

तर एक साधी शंभर पानी वही घाला आणि त्यात दर महिन्याला पाच गोष्टी लिहा. एक, कच्चा माल किती टन, कुठल्या गिरणीचा, हीट नंबर काय आणि गिरणीचा कार्बन आकडा किती. दोन, डिझेल, फर्नेस ऑइल, गॅस किंवा कोळसा किती जळला. सोबत बिल चिकटवा. तीन, तयार माल किती आणि कोणत्या कोडचा. चार, भंगार किती निघाले. पाच, कोणत्या गिऱ्हाइकाला किती टन गेले, शिपिंग बिलाच्या नंबरासह. विजेची बिलेही जपून ठेवा, उद्या नियम बदलला तर लागतील. ही वही म्हणजे तुमच्या मालाच्या धुराचा सातबारा. फेरफार वेळच्या वेळी नोंदला नाही, तर पुढे किती चपला झिजतात, ते आपण जाणतोच.

आकडे भरण्यासाठी युरोपीय आयोगाने संगणकावरचा तयार तक्ता फुकट दिलेला आहे. बाहेरच्या कारखान्यांना युरोपच्या नोंदवहीत स्वतःचे खाते काढून आकडे एकदाच भरता येतात. मग दहा गिऱ्हाइकांना दहा वेळा कागद पाठवावे लागत नाहीत. तपासनिसाची फी मात्र एकट्याला जड जाते. त्याला उपाय एकच. एका वसाहतीतल्या पाच-दहा शेडवाल्यांनी मिळून तपासनीस बोलवावा आणि भाडे-खर्च वाटून घ्यावा. भाताला एकट्याने मळणी यंत्र आणत नाही, तसेच हे.

गावाचा काय संबंध?

मोठ्या कंपनीचा कंटेनर तिच्याच कारखान्यात भरून, सील होऊन थेट बंदरावर जातो. छोट्याचा दोन-चार टनांचा माल मात्र द्रोणागिरी, भेंडखळ, जासई परिसरातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनात उतरतो आणि तिथे चार जणांचा माल मिळून एक कंटेनर भरतो. तो उतरवणारा, चढवणारा, मोजणारा, कागद करणारा हात आपल्या गावातला असतो. मोठ्या कंपन्या धुराचा हिशेब देतील, त्यांच्याकडे पगारी माणसे आहेत. छोट्याला तो जमला नाही, तर गिऱ्हाईक भांडायला येणार नाही. तो गुपचूप दुसरीकडे वळेल. आणि फ्रेट स्टेशनातली हमाली कमी होईल तेव्हा कुणाला कळणारही नाही की, हे कशामुळे झाले.

म्हणून ग्रामपंचायतींनी दोन कामे करावीत. आपल्या हद्दीत नटबोल्ट, फॅब्रिकेशन, ॲल्युमिनियमचे काम करणारे किती आहेत आणि त्यांतले किती जण परदेशी माल पाठवतात, याची यादी करावी.  आणि ग्रामसभेनंतर एक दिवस ठेवून अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्राच्या अधिकाऱ्यांना आणि अभियांत्रिकी निर्यात परिषदेच्या माणसाला बोलवावे. गावातली बी.कॉम. झालेली, संगणक येणारी मुले-मुली क्लिअरिंग एजंटकडे शिपिंग बिल भरतातच. हा हिशेब त्यांना शिकवला, तर बेकारीत एक नवा धंदा होईल. पाच शेडची वही सांभाळणारी एक मुलगी, हे चित्र काही अशक्य नाही.

हा कर न्याय्य आहे का, यावर मतभेद आहेत. भारत सरकारने त्याला जागतिक व्यासपीठांवर सतत हरकत घेतली आहे. दोनशे वर्षे धूर सोडून श्रीमंत झालेल्यांनी आता आमच्याकडून धुराचे पैसे मागावेत, हे पटत नाही, असे कुणी म्हटले तर त्याला चूक कोण म्हणेल? पण तो वाद दिल्ली आणि ब्रसेल्सने घालायचा. तो मिटेपर्यंत आपली ऑर्डर थांबणार नाही.

खाडीकाठच्या माणसाला वेगळे काय सांगावे? खारबांधाला खांड पडते ती उधाणाच्या रात्री. पण ती बुजवायची असते त्याआधी, ओहोटीत, सगळ्या गावाने मिळून, एकेक टोपली माती टाकून. पहिल्या पत्रकाची तारीख ३० सप्टेंबर २०२७ आहे. आता ओहोटी आहे. उद्या सकाळी वही आणा आणि पहिल्या पानावर पहिले बिल चिकटवा.